टिपणीसांच्या घरचं सुतक

सत्तावन्न सालच्या मे-जूनमध्ये मी पाच रविवार सासुरवाडीच्या फाटकाबाहेर उभा राहून काढले. जावयाला दहावा ग्रह म्हणतात. पण ग्रह निदान या घरातून त्या घरात जातात; मला अंगणातसुद्धा पाऊल टाकायची मुभा नव्हती. फाटकाला आतून साखळी, साखळीच्या पलीकडे सहा हातांवर सासरे, आणि त्यांच्याही मागे, खिडकीत, माझी बायको. ती हसत असे. मला तेव्हा फार राग येई.

हे घर ठाण्याला, टेंभी नाक्यापासून चार पावलांवर. सासऱ्यांचं नाव त्र्यंबक बाळकृष्ण टिपणीस, पण सगळं ठाणं त्यांना भाऊ म्हणे. कचेरीतून शिरस्तेदार म्हणून पेन्शनीत निघाले त्याला बारा वर्षं झाली होती आणि वय सत्तरीला टेकलं होतं. कागदावर त्यांनी लिहिलेल्या मजकुरातून कोणाला पळवाट सापडली नाही, असा त्यांचा लौकिक होता. तो त्यांना स्वतःलाही पाठ होता.

पेन्शनीतही भाऊंचा दिवस दप्तर लावल्यासारखा लावलेला असे. साडेपाचला उठून तलावाला दोन फेऱ्या, मग कौपीनेश्वराचं दर्शन, घरी येऊन चहा, आणि लगेच पिशवी घेऊन मासळीबाजार. टिपणीस म्हणजे कायस्थ. कायस्थाच्या घरात सत्ता कोणाची हे पाहायचं असेल तर मासळी कोण आणतं ते पाहावं. भाऊ ती दुसऱ्या कोणाला आणू देत नसत. पापलेटाचा गल, म्हणजे कल्ला, स्वतः उचलून बघायचा, बोंबील दोन बोटांत तोलायचा, आणि तुळसा कोळणीशी भांडायचं. हे भांडण वीस वर्षं चाललं होतं आणि दोघांनाही त्याशिवाय चैन पडत नसे. दुपारी चारला रतनशेठच्या किराणा दुकानाच्या फळीवर पेन्शनरांची बैठक भरे. ऐंशी उलटलेले रतनशेठ दुकान मुलावर सोपवून स्वतः या मंडळींत बसत; जन्मात नोकरी न केलेला हा एकच पेन्शनर. दिवेलागणीला भाऊ घरी. घरात मात्र त्यांनी पाण्याचा पेला स्वतः भरून घेतलेला कोणी पाहिला नव्हता.

आणखी एक गोष्ट ठाण्यात सगळ्यांना ठाऊक होती. कोणाकडे मयत झालं की भाऊ पहिल्या पाचांत हजर. सामान कुठून आणायचं, कोणाला निरोप धाडायचे, भटजी कुठले, सगळं त्यांच्या जिभेवर. पण तिरडी उचलायची वेळ आली की हा माणूस मागे सरकायचा. स्मशानापर्यंत चालत यायचा, पण खांदा कोणालाच द्यायचा नाही. सख्ख्या भावालासुद्धा दिला नव्हता म्हणे. लोक म्हणत, शिरस्तेदारीचा ताठा, दुसरं काय. लग्न झाल्यावर मीही तसंच म्हणू लागलो.

मे महिन्यात नीला पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. सातवा सरत आला होता. मी डोंबिवलीला राहत होतो, नोकरी ठाकुर्लीच्या पॉवर हाऊसमध्ये कारकुनाची. दर रविवारी सासुरवाडीला जावं, वालाचं बिरडं आणि तळलेली तुकडी खावी, सासूबाईंकडून आग्रह करून घ्यावा, असा माझा साधा बेत होता.

तेवढ्यात वर्तमानपत्रात ताप आला. आधी बोटीवरच्या खलाशांना, मग मद्रासेला, मग मुंबईत. आम्ही तरुण मंडळी त्याला फ्लू म्हणत होतो आणि चार दिवसांची रजा मिळते म्हणून हसत होतो. म्हातारी माणसं हसत नव्हती. ती त्याला जुन्याच नावाने ओळखत होती. मानमोडी. अठरा सालची.

भाऊंच्या घरात हे नाव उच्चारत नसत, आणि आणखीही एक नाव उच्चारत नसत. उत्तरा. भाऊंची पहिली बायको. अठरा सालच्या मानमोडीत ती गेली तेव्हा तिलाही सातवा महिना होता. पोट तसंच घेऊन गेली. चार वर्षांनी भाऊंनी मंदाकिनीबाईंशी, म्हणजे माझ्या सासूबाईंशी लग्न केलं, आणि त्यानंतरही अकरा वर्षांनी नीला झाली. एकुलती एक. एवढं मला नीलाने सांगितलं होतं. याहून जास्त तिलाही माहीत नव्हतं.

तेव्हा भाऊंनी काय करायला घेतलं ते उघड होतं. हा ताप नीलापर्यंत पोचू द्यायचा नाही. बस. त्यासाठी त्यांनी बारा वर्षांत कोणासाठी बदलला नव्हता तो दिनक्रम एका सकाळी उलथापालथा केला.

तलाव बंद. त्याऐवजी परसातल्या विहिरीभोवती शंभर फेऱ्या, हातात तुळशीची माळ मोजायला. देऊळ बंद, कौपीनेश्वराला घरूनच नमस्कार. रतनशेठची फळी बंद. वर्तमानपत्र आलं की आधी तासभर उन्हात दोरीवर वाळत घालायचं, मग त्यावरून कोळशाची इस्त्री फिरवायची आणि मग वाचायचं. एकदा अग्रलेखच जळला. पत्रं धुपावर धरत. गळ्यात कापराची पुरचुंडी, रुमालावर निलगिरी. स्वतः ओटीवरच्या खोलीत राहायला गेले, कारण आजवर गावभर हिंडलेले घरात ते एकटेच होते. जेवणाचं ताट उंबऱ्यावर ठेवायचं, ते उचलून न्यायचे.

मासळीचा प्रश्न सर्वांत बिकट होता. तुळसा फाटकापाशी टोपली घेऊन येई आणि भाऊ सहा हातांवरून काठी रोखून हुकूम सोडत.

"गल उचल."

"उचाललाय ना. लालभडक हाय."

"इकडे उजेडात धर. डोळा दाखव."

"भाऊ, आता याचं लगीन लावताय काय तुमी? घ्यायचा तर घ्या!"

माझी पाळी तिच्यानंतर. मीही तसाच उजेडात उभा राहायचो. "ताप? खोकला? पॉवर हाऊसमध्ये किती जण आजारी?" तीन म्हटलं की एक पाऊल मागे जात. सासूबाई डबा फाटकाच्या खांबावर ठेवत, त्या आत गेल्या की मी तो उचलायचा. डोंबिवलीला परत जाऊन गार बिरडं खाताना मी सासऱ्यांना बरंच काही म्हणे. भिंतीपलीकडच्या भाडेकरूने एकदा विचारलं, कोणाशी बोलता?

मात्र त्या डब्यातल्या बिरड्याची एक गंमत मला तिसऱ्या रविवारी कळली. वाल भिजवून, मोड आणून, एकेक दाणा सोलायचा हे दोन तासांचं काम. ते आता भाऊ करत होते. पाण्याचा पेला न उचलणारा माणूस ओटीवर पाटावर बसून वाल सोलत होता. फिरायचं नाही, बसायला जायचं नाही, मग हातांनी करायचं काय? नीला खिडकीतून म्हणाली, "पहिल्या दिवशी अर्ध्या दाण्यांचा चेंदा झालेला. आता आईपेक्षा भराभर सोलतात." भाऊंनी ऐकू न आल्याचा बहाणा केला. त्यांना आवडलं होतं.

अडचण होती ती गावाची. ठाण्यात कोणी कोणाला 'घरी येऊ नका' असं म्हणत नसे. तशी भाषाच कोणाला येत नव्हती. आणि पहिलटकरीण माहेरी आलेली, म्हणजे तिला बघायला, तिच्यासाठी काही ना काही करून आणायला सगळ्या आळीला हक्कच. कोणी आंबोळ्या घेऊन येई, कोणी आंब्याच्या वड्या. खोकत खोकत येई आणि साखळी आपल्या हाताने काढून आत येई. 'ताप आहे म्हणून येऊ नका' म्हणावं तर माणूस जन्माचा दुखावणार. सासूबाई दोन आठवडे खोट्या सबबी सांगून थकल्या.

आणि मग भाऊंच्या सुपीक डोक्यातून तो मसुदा निघाला. घरावर सुतक आलं की दहा दिवस त्या घरचं कोणी पाणी पीत नाही, हळदीकुंकू नाही, डोहाळजेवण नाही, खाऊ आणणं नाही. लोक आपणहून लांब राहतात आणि रागावत तर मुळीच नाहीत. तेव्हा आपल्याला सुतक आलं पाहिजे. त्यासाठी कोणी मेलं पाहिजे. भाऊबंदांतला हवा, लांबचा हवा, आणि ठाण्यात कोणाला पत्ता लागणार नाही असा हवा. बडोद्याला त्यांचे एक चुलत-चुलत भाऊ होते, दौलतराव. चौदा वर्षांत गाठ नव्हती. भाऊंनी त्यांना सोमवारी सकाळी मारलं. मांडवात पाट मांडावा तितक्या शांतपणे. फाटकावर पाटी लावली: 'सुतक आहे. दहा दिवस.' आणि नीट दिसावं म्हणून चार भाऊबंदांना आणि मला पोस्टकार्डं टाकली. कोपरे फाडून, रीतीप्रमाणे.

सासूबाईंनी विचारलं होतं म्हणे, "अहो, पण सुतक ऐकून माणसं यायची थांबतात की यायला लागतात?"

भाऊ म्हणाले, "तुला कायद्यातलं काय कळतं?"

खरं सांगायचं तर मलाही त्या वेळी काही कळलं नाही. कार्ड मिळालं, दौलतराव कोण ते ठाऊक नव्हतं, पण सासऱ्यांचे भाऊ गेले म्हणजे भेटायला गेलं पाहिजे. रविवारी सकाळी मी ठाण्याला उतरलो. वळणावरूनच पाहिलं तर फाटकासमोर तीसेक माणसं. छत्र्या मिटून भिंतीला लावलेल्या, चपलांचा ढीग. मला वाटलं, नीला. दौलतराव माझ्या डोक्यातून साफ गेले. मी धावलो.

नीला खिडकीत होती. या वेळी हसत नव्हती, पण धडधाकट होती. मी फाटकाचा खांब धरून श्वास घेतला.

लोक भेटायला आले होते. दुसरं काय होणार होतं? भाऊंनी बारा वर्षांत आणि त्याआधीही ठाण्यातल्या एकूण एक मयताला हजेरी लावलेली. आता त्यांच्याकडे दुःख झालेलं, तर गाव घरी बसेल? बुधवारपासून रीघ लागली होती. कोणी येताना हसत नव्हतं, जाताना 'येतो' म्हणत नव्हतं, सगळं रीतीने चाललं होतं. सुतकाच्या घरी चूल पेटवायला लागू नये म्हणून तीन घरांतून पिठलं-भात येत होता. वर आणखी एक अडचण. सुतकात मासळी चालत नाही. टोपलीत ताजे बोंबील घेऊन तुळसा आली, तिने पाटी कोणाकडून तरी वाचून घेतली आणि पायरीवर बसकण मारून मोठ्याने रडली. भाऊ तिच्याकडे नाही, टोपलीकडे बघत होते, असं नीलाने मला नंतर सांगितलं. सहा दिवस त्यांनी पिठलं खाल्लं.

मी पोचलो तेव्हा भाऊ ओटीच्या दारात आडवी काठी धरून उभे होते. साखळी कधीच निघाली होती. अंगण भरलं होतं. माणसं कुजबुजत होती, दोघे-चौघे खोकत होते, आणि प्रत्येक खोकल्याला भाऊंचा चेहरा आक्रसत होता.

तेवढ्यात कल्याणहून सुमतीआत्या आल्या. भाऊंच्या चुलत बहीण, वय चौऱ्याहत्तर, डोळ्यांना धार. लहानपणी दौलतरावांना त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं, त्यामुळे त्यांचं रडणं खरं होतं. त्यांनी पदराने नाक पुसलं, दोनदा शिंकल्या आणि म्हणाल्या, "पोर कुठाय? या दिवसांत असलं ऐकायला लागलं तिला. ये गं बाई, जवळ ये." आणि भाऊंची काठी बाजूला सारून त्या नीलाकडे निघाल्या.

"सुमती, थांब!" भाऊ ओरडले. त्यांचा तसा आवाज मी त्याआधी ऐकला नव्हता. "दौलत मेलेला नाही!"

आत्यांनी वळून पाहिलं.

"मेला नाही म्हणजे?"

"जिवंत आहे. चांगला खणखणीत असेल. मी खोटं लिहिलं." काठी हातातून गळून पडली होती आणि ती उचलायचं त्यांना सुचत नव्हतं. "तुम्ही कोणी येऊ नये म्हणून लिहिलं. पोरीला ताप लागेल म्हणून. मी एकदा घरी ताप आणलेला आहे. अठरा साली. विठ्ठल फडणीस गेला, त्याला खांदा द्यायला कोणी मिळेना, सगळी आळी पडलेली. मी दिला. तिथून घरी आलो, आंघोळ केली आणि उत्तरेजवळ बसलो. त्याच संध्याकाळी तिला ताप भरला. तिसऱ्या दिवशी गेली. मी आणला तो. या खांद्यावरून आणला." आणि ते उजव्या खांद्यावर हात मारत राहिले. "आता तरी जा रे. पाया पडतो तुमच्या. जा."

एकोणचाळीस वर्षं हा माणूस प्रत्येक तिरडीमागून चालला होता आणि आम्ही त्याला ताठा म्हणत होतो. मला माझीच लाज वाटली.

लोक खरोखर गेले. कोणी रागावलं नाही. चपला घालून, छत्र्या उचलून, मान खाली घालून एकेक बाहेर पडला. सुमतीआत्या फाटकाबाहेर जाऊन उभ्या राहिल्या आणि तिथून भाऊंना भरपूर शिव्या घातल्या. "जिवंत माणसाला मारतोस मेल्या! दौलत्याचं आयुष्य वाढलं बघ त्याने." मग हसल्या, मग रडल्या, मग पुन्हा शिंकल्या. जाताना मात्र 'येते हं' म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून टेंभी नाक्यावर नवी रीत पडली. भाऊंकडे जायचं ते फाटकापर्यंत. तिथून हाक मारायची, "भाऊ, पोरगी बरी?" आतून उत्तर यायचं, "बरी." की पुढे चालू लागायचं. रतनशेठ रोज चारला मुलाच्या हाताला धरून यायचे, रस्त्याच्या पलीकडच्या पायरीवर बसायचे आणि तिथून ओरडून बाजाराच्या बातम्या सांगायचे. पुढे इतर पेन्शनरही तिथेच येऊ लागले. मधे रस्ता, अलीकडे भाऊ वाल सोलताहेत, पलीकडे बैठक. टांगेवाले चुकवून बोलायचे एवढंच.

आणि एवढं सगळं करूनही ताप आलाच.

जूनच्या शेवटी मला तार आली. मी पोचलो आणि सवयीने फाटकाबाहेरच उभा राहिलो. भाऊ बाहेर आले. दाढी वाढलेली, कापराची पुरचुंडी गळ्यात नव्हती. "आत या, आनंदराव," ते म्हणाले. पाच रविवार ज्या शब्दांची वाट पाहिली ते ऐकून मी चपला तिथेच टाकून आत धावलो.

आधी सासूबाईंना ताप भरला, दुसऱ्या दिवशी नीलाला. कसा आला, कोणाबरोबर आला, कोणाला ठाऊक. सुमतीआत्या येऊन गेल्याला पंधरा दिवस झाले होते. भाऊंनी तर पाच आठवड्यांत फाटक ओलांडलं नव्हतं. घरात ठणठणीत असा एकटा तोच सत्तरीचा म्हातारा. गावातही असंच चाललं होतं. तरुण पोरं धडाधड आडवी होत होती आणि ज्यांना जपायचं म्हणून घरात कोंडलं ती म्हातारी माणसं चुलीपुढे बसून पेज शिजवत होती. डॉक्टर म्हणाले, हा ताप अठरा सालासारखा नाही, तीन-चार दिवसांत उतरेल. भाऊंनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास बसला नव्हता. तिसरा दिवस उजाडायचा होता ना अजून.

हौसाबाई सुईणीला बोलावलं होतं. साठीकडे झुकलेली, काटक बाई. आपल्या सासूबरोबर लहानपणापासून घरोघर बाळंतपणं करत आलेली. ती नीलाच्या उशाशी बसली. भाऊ खोलीच्या कोपऱ्यात जमिनीवर. पेज त्यांनीच केली होती, खारट झाली होती. मी पाण्याच्या पट्ट्या बदलत होतो. तिसरा दिवस तसाच गेला. चौथ्या दिवशी दुपारी हौसाबाईने नीलाच्या कपाळावर हात ठेवला, मानेवर ठेवला आणि म्हणाली, "घाम फुटलाय. लुगडं बदला तिचं." मग पोटाला कान लावला. "ह्ये बी लाथा मारतंय. काय झालं नाय."

मी बाहेर जाऊन ओटीवर बसलो आणि रडलो. जावयाने सासुरवाडीच्या ओटीवर बसून रडू नये, पण रडलो. जीव इतका हलका झाला होता.

थोड्या वेळाने भाऊ आले, माझ्याशेजारी बसले. मागोमाग हात पुसत हौसाबाई आली आणि उंबऱ्यात टेकली.

"भाऊसाहेब," ती म्हणाली, "तुमी त्या दिशी अंगणात काय बोललात ते तुळसानं मला सांगितलं. गावभर झालंय. मला इचारायचंत तरी."

"काय विचारायचं?"

"उत्तरावहिनींचं. मी तवा वीस वर्सांची. सासूनं मला धाडलं हुतं, वहिनींच्या पायांला तेल लावायला. तुमी फडणीसांच्याकडं जायला निघाला ना, त्याच्या आधी. अंग निखाऱ्यासारखं तापलेलं. मी म्हनलं, सायबांना सांगते. तर माजा हात धरला. म्हनल्या, सांगू नको. ह्ये जायचे राहतील, आन् इठ्ठलभावजींना उचलायला चवथा मानूस नाय."

भाऊ तिच्याकडे वळले.

"सकाळीच?"

"सकाळीच. तुमी अजून चपला बी घातल्या नव्हत्या. तुमी काय आनला नाय वो. ताप घरात हुताच." तिने पदर तोंडाला लावला. "मला शपथ घातली हुती, आन् पुढं कुनी काय इचारलं बी नाय. मला काय म्हाईत तुमी असं मनात धरून बसलाय."

भाऊंनी जवळचं वालाचं पातेलं ओढलं आणि सोलायला घेतलं. दोन दाणे सोलले, तिसरा हातातच राहिला. "मला पाठवलं तिने," ते म्हणाले. माझ्याशी नव्हे, हौसाबाईशीही नव्हे. "तिने मला पाठवलं." मग ते ओक्साबोक्शी रडले. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. तोवर मी त्यांना कधी नमस्कारापलीकडे शिवलोही नव्हतो.

जुलैच्या मध्यावर मुलगी झाली. पावणेसात पौंड, आवाज तुळसासारखा. बारशाला भाऊंनी अख्ख्या गावाला बोलावलं. बडोद्याहून दौलतरावांचं पत्र आलं: सुमतीकडून आमच्या निधनाची वार्ता समजली, तेव्हापासून भूक वाढली आहे, गुडघाही दुखत नाही, असंच वर्षाआड मारत जावं. भाऊंनी ते पत्र धुपावर न धरता वाचलं.

एक खोड मात्र राहिली. बाहेरून आले की ते नातीला घेत नसत. हातपाय धुवायचे, कपडे बदलायचे, तासभर ओटीवर बसायचे आणि मग पाळण्याजवळ जायचे. तेही दुरून टाळ्या वाजवायला. आम्ही काही म्हणत नव्हतो. जन्माची भीती एका दुपारी थोडीच जाते?

दिवाळीनंतर रतनशेठ गेले. ताप नाही, काही नाही. फळीवर बसल्या बसल्या मान कलली. मी त्या दिवशी ठाण्यातच होतो. भाऊ नेहमीप्रमाणे पहिल्या पाचांत. त्यांनी सामान मागवलं, निरोप धाडले, शेठच्या मुलाला धीर दिला. तिरडी उचलायची वेळ आली तशी मंडळी नेहमीच्या अंदाजाने पुढे सरकली आणि भाऊंसाठी मागे जायला वाट ठेवली.

भाऊ मागे गेले नाहीत. त्यांनी उपरणं कमरेला बांधलं, पुढच्या उजव्या बाजूच्या तरुणाच्या दंडाला हात लावला आणि म्हणाले, "सरक जरा." तो पोरगा सरकला. तलावाच्या वळणापर्यंत त्यांनी खांदा बदलू दिला नाही. मी मागून चालत होतो. उजवा खांदा ओझ्याने खाली गेला होता आणि मान ताठ होती. या वेळचा ताठा मात्र मला फार आवडला.

स्मशानातून घरी आलो. भाऊंनी विहिरीवर आंघोळ केली, धोतर बदललं आणि ओल्या केसांनीच घरात आले. ओटीवर बसले नाहीत. सरळ मधल्या खोलीत गेले. नीला मुलीला मांडीवर घेऊन बसली होती. भाऊ तिच्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी दोन्ही हात पुढे केले.

"आण तिला इकडे," ते म्हणाले, आणि घेऊन उजव्या खांद्यावर टाकली.